जुनी फियाट-अँबेसिडर की आजची नवी गाडी: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, एखाद्या वाड्याच्या बोळात नाहीतर शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी फियाट किंवा अँबेसिडर निघतेच. घरात नवी गाडी आलेली असते आणि मग सुरू होतं, आजोबा म्हणतात जुनीचा पत्रा बघ, नातू म्हणतो जुनीत एसी कुठंय. लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढे घोळ नको: रोजच्या वापराला आणि घरच्यांना घेऊन हायवेला नवीच गाडी, यात वादच नाही. पण जुनी चालू होण्यासारखी असेल तर तिला भंगारात घालू नका, ती चालती ठेवता येते, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते मुंबई-कोकणापेक्षा सोपं आहे.

किती जुनी झाली म्हणजे विंटेज?

केंद्राने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, खाजगी वापराची आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ती विंटेज. म्हणजे नव्वद सालची पद्मिनी कितीही चकाचक ठेवली तरी कागदोपत्री ती नुसती जुनी गाडी. इथे मी जुनी म्हणतोय ती कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा), पॉइंटवाली (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे), ड्रम ब्रेकवाली गाडी, आणि नवी म्हणजे एप्रिल 2020 नंतरची, धुराच्या नव्या नियमांची बीएस-6.

आपल्याकडे कोणत्या जुन्या गाड्या जास्त सापडतात?

मुख्य दोन. एक फियाट, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची ती 1100, 1964 ला डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं आणि 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. 1089 सीसी इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, जुन्या मॉडेलला गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवली गेली, टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 ला तिथल्या रस्त्यावरून त्या गेल्या. दुसरी अँबेसिडर, बंगालमधल्या उत्तरपाड्याची, मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3, पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून 2014 पर्यंत बनली. आमदार, कारखान्याचे चेअरमन, मोठे व्यापारी यांची ती गाडी. मग महिंद्राच्या जीपा, त्या शेतात राबल्या त्यामुळे मूळ अवस्थेत फार कमी सापडतात.

जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणजे ती जास्त सेफ ना?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे इतका पक्का बसलाय की मला इथं जरा लांब लिहावंच लागणार.

लोक बघतात की अँबेसिडरला मोटरसायकल धडकली तर बंपरला ओरखडा येतो आणि नवीन गाडीचा बंपर फुटून पडतो. बरोबर आहे. पण मोठ्या धडकेत जो धक्का गाडीचा पत्रा खात नाही तो आत बसलेल्या माणसाला बसतो. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम चुरगळेल असं बनवलेलं असतं, तिथे धक्का जिरतो आणि माणसं बसतात तो मधला भाग कडक स्टीलचा असतो. जुन्या गाडीत उलट, तोंड हट्टी आणि केबिन कच्ची. त्यात स्टिअरिंगचा दांडा सरळसोट, धडकेत तो मागे येतो आणि ड्रायव्हरच्या छातीत बसतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी म्हणून संस्था आहे, तिने 2009 मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षी 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू समोरासमोर आपटवल्या, दोन्ही ताशी 40 मैलाने म्हणजे साधारण 64 किलोमीटर. बेल एअर दिसायला रणगाडा, पण तिची केबिन चेपली, तिच्यातला ड्रायव्हर जिवंत राहिला नसता. मालिबूतल्याला पायाला मार बसला असता एवढंच. व्हिडिओ नेटवर आहे, ज्या काकांना पटत नसेल त्यांना दाखवा.

आणि आपल्याकडचा हिशोब बघा. समोरच्या सीटचे बेल्ट बंधनकारक झाले मार्च 1994 पासून, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत बेल्टच नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय, सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून, बाजूच्या सीटची 2022 पासून. यातलं काहीही जुन्या गाडीत नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला रात्री येऊन बघा, कापसाने भरलेल्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या, रॉंग साइडने येणारे ट्रॅक्टर, आणि तुमच्या फियाटचे पिवळे मिणमिणते हेडलाइट. जुनी गाडी दिवसा काढा, रात्रीच्या हायवेला पोराबाळांना घेऊन अजिबात नको.

मग कुठलीही नवी गाडी सेफच?

तसंही नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या लोकप्रिय गाड्या आपटून बघितल्या तर पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यानंतर कंपन्या हलल्या. डिसेंबर 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप टेस्ट आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षं जुनी सेकंडहँड छोटी गाडी 'मॉडर्न' म्हणून घेताना तिचे स्टार आणि एअरबॅग बघा, नुसतं टचस्क्रीन बघून भुलू नका.

उन्हायामा जुनी गाडी चालस का भो?

चालते, पण तिचं ऐकावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा 45 ला टेकतो आणि डांबर त्याहून तापलेलं असतं, एवढ्यात जुन्या गाडीला दोन त्रास होतात आणि दोन्ही वेगळे आहेत, लोक दोन्हीला गाडी गरम झाली एवढंच म्हणतात.

पहिला त्रास रेडिएटरचा. जुन्या गाडीचा पंखा पट्ट्यावर फिरतो म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू, त्यामुळे फाटकावर किंवा जाममध्ये उभं राहिलं की हवाच लागत नाही आणि काटा चढतो. नवीन गाडीत विजेचा पंखा असतो, तो गाडी उभी असली तरी फिरतो, कधी कधी चावी काढल्यावरही फिरत राहतो. त्यात आपले लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतात. खान्देशातलं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते घरातल्या नळाच्या तोटीवर बघा, तेच पांढरं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतं आणि मग कितीही पाणी टाका, गाडी उकळणारच. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट टाका. आधीच भरलं असेल तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांबे-पितळेचे असतात, उघडून साफ होतात आणि पुन्हा डाग देऊन बंद होतात. नव्या गाडीचा ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा असतो, तो फुटला की सरळ बदलायचा. आणि गरम असताना झाकण उघडू नका हे सांगायला नको, पण दरवर्षी कोणी ना कोणी उघडतंच.

दुसरा त्रास पेट्रोलचा, याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला, टाकी मागे, पंप तिथून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना पाइपात दाब कमी होतो आणि वरून इंजिनची धग, मग पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. लक्षण असं की चांगली चाललेली गाडी चहाला दहा मिनिटं थांबवली आणि परत सेल्फ मारला तर उचलतच नाही, काटा मात्र नॉर्मल. उपाय जुनाच आहे, ओला फडका पंपावर आणि पाइपावर टाकायचा, बोनेट उघडं ठेवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. कायमचा उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरच्या धगीपासून लांब न्यायचा आणि कार्बोरेटरखालचा जाड बेकेलाइटचा पॅकिंगचा तुकडा कोणी काढून टाकलेला असेल तर परत बसवायचा. नव्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून तिला हा आजार नाही.

मे महिन्यात जुनी गाडी सकाळी अकराच्या आत फिरवून आणा. दुपारी नवीच काढा.

कन्नड घाट किंवा तोरणमाळ जुन्या गाडीने जमेल का?

चढायला जमतं, दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे. काळजी उतरायची. जुन्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही नाही, सतत पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबायचा तर जोरात थोडा वेळ आणि लगेच सोडायचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मिसळलेलं ऑइल लवकर उकळतं, तेव्हा गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी ते बदलाच. नव्या गाडीला पुढे डिस्क आणि एबीएस, तिचं काम सोपं आहे, पण चाळीसगावकडे उतरताना तिलाही न्यूट्रलमध्ये सोडणारे बघितलेत, ते करू नका.

जुन्या गाडीचा पहिला गिअर, त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी कडी) नसतो बऱ्याच मॉडेलला, त्यामुळे घाटात चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलात तर कर्र करून ओरडणार. गाडी पूर्ण थांबवून मगच टाका.

ई-20 पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

काळजी घेतली नाही तर होते. आता पंपावर मिळतं ते बहुतेक 20 टक्के इथेनॉलचं, आपलाच ऊस नि मका त्यात जातो, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. पण साठ-सत्तर सालच्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉलसाठी बनलेलीच नाहीत, ती फुगतात, मऊ पडतात नाहीतर चिरतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीचा विषय. म्हणून पहिलं काम, सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाका, दुकानात व्हायटॉन म्हणून मागा. दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळाभर गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर मधून मधून चालवून पेट्रोल बदलतं ठेवा. तिसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, तेव्हा चांगल्या मिस्त्रीकडून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा करून घ्या.

नव्या गाडीत सेन्सर मिश्रण स्वतः जुळवून घेतो. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे पार्ट ई-20 चालतील असेच बनल्यात. ॲव्हरेज मात्र दोघींचं थोडं पडतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, वीस टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के.

शिसं बंद झालं तेव्हाही असाच प्रश्न होता. देशभर शिशाचं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं, अँबेसिडरचं जुनं बिडाचं हेड असेल तर व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, हेड उतरवाल तेव्हा कडक सीट टाकून घ्या.

ॲव्हरेज किती?

फियाट दहा-बारा, पेट्रोल अँबेसिडर त्याहून कमी. नवीन 1.2 लिटरची गाडी हायवेला आरामात अठराच्या वर. पॉवर पण दुप्पट, ऐंशी हॉर्सपॉवर. इथे तुलना संपली.

रिपेअर कोणती सोपी?

इथं जुनी जिंकते, पण पूर्ण नाही.

धुळ्यात, अमळनेरला, शहाद्याला अजून असे मिस्त्री आहेत जे जुनी गाडी नुसती ऐकून सांगतात काय बिघडलंय. ते पॉइंट कसे सेट करतात ते एकदा उभं राहून बघाच. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण दोन क्लिपा काढून बाजूला, रोटर उपटून खिशात, मग पंख्याने इंजिन हाताने फिरवायचं जोवर पॉइंट पूर्ण उघडत नाही, फिलर गेजची 0.4 मिलिमीटरची पत्ती मध्ये घालायची, ती ना सैल ना घट्ट अशी सरकली की स्क्रू आवळायचा. मग पुलीवरची खूण जुळवायची, कॉइलच्या वायरला आणि बॉडीला एक छोटा बल्ब जोडायचा, चावी ऑन, आणि डेल्को दोन बोटांनी हळू फिरवायचा. ज्या क्षणाला बल्ब लागतो तिथे टायमिंग. आवळलं, झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी घड्याळासारखी लागली. वीस मिनिटं, सामान काय तर एक पत्ती, एक पेचकस, एक बल्ब.

आता नवी गाडी. चेक इंजिनची लाइट लागली की स्कॅनर लावल्याशिवाय कोणी काही सांगू शकत नाही. तळोदा-अक्कलकुव्याच्या माणसाला त्यासाठी नंदुरबार, कधी धुळे, कधी थेट नाशिक किंवा सुरत. डिझेल बीएस-6 ला धुराचा फिल्टर असतो, डीपीएफ, तो काजळी साठवतो आणि गाडी एका वेगाने काही वेळ चालली की जाळून टाकतो. गाडी नुसती गावातून शेतात, शेतातून बाजारात अशी फिरली की तो जाम होतो आणि गाडी ताकद सोडते. ज्यांचं रोजचं फिरणं चार-पाच किलोमीटरचं आहे त्यांनी नवीन डिझेल घेऊच नये. आणि केळीच्या बागेत गाडी लावत असाल तर उंदरांपासून वायरिंग सांभाळा, एक वायर कुरतडली की अख्खा हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदलायची वेळ येते.

तरीपण खरं सांगायचं तर नवी गाडी मुळात बिघडतेच कमी. जुनीला किंगपिनचं ग्रीसिंग, टॅपेट, पॉइंट, कार्बोरेटर, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असं कायम काहीतरी. ज्याला बोनेट उघडायला आवडत नाही त्याने जुनी ठेवू नये. आणि ते हाताचे मिस्त्री आता साठी ओलांडलेत, त्यांची पोरं मोबाइलच्या धंद्यात गेली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर घरातल्या एका तरण्या पोराला त्यांच्याजवळ बसवा आणि एवढं पॉइंट-प्लग-कार्बोरेटरचं काम तरी शिकून घ्या, मला ही गोष्ट गाडीपेक्षा महत्त्वाची वाटते.

स्पेअर मिळतात का?

पद्मिनी आणि अँबेसिडरचे रनिंग पार्ट मिळतात. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, अँबेसिडरसाठी कोलकात्याचं मलिक बाजार. अवघड असतं ते क्रोमचं सामान, काचांचं रबर, लाइटच्या काचा, मीटरच्या डायल. ते विकत घेताना आधी गाडीला असलेलं मूळ फेकू नका, तुटकं असलं तरी ठेवा, त्यावरून दुसरं बनवता येतं.

ऑइल एकच चालेल का दोन्हीला?

अजिबात नाही. जुनीला घट्ट 20डब्ल्यू-50 मिनरल. नवीला पुस्तकात लिहिलंय तेच, 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30. महागडं पातळ सिंथेटिक जुनीत टाकलं तर सगळीकडून गळायला लागतं आणि प्रेशर पडतं.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात द्यावीच लागते का?

महाराष्ट्रात नाही. दिल्लीत दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा जो नियम ऐकता तो तिकडचा. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी वाढवायची, फॉर्म 25 भरून, शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा. एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला अजून वाढली, त्यामुळे जाण्याआधी परिवहनच्या साइटवर चालू फी बघून जा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागतेच. जुन्या आरसी पुस्तकाची नोंद कॉम्प्युटरवर नसते, आधी ती बॅकलॉग एंट्री करून घ्यायची, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. एजंटने सांगितलं की होत नाही तर स्वतः काउंटरवर जाऊन विचारा.

पन्नास वर्षं झालेली असेल तर विंटेज नोंदणीचा मार्ग आहे. नवीन नोंदणी 20 हजार, पुढचं नूतनीकरण 5 हजार, मुदत दहा वर्षं, नव्याने नोंदवली तर नंबरात व्हीए अक्षरं येतात, आधीचा नंबर असेल तर तो राहू शकतो. पण मग ती गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच रस्त्यावर आणता येते, रोज नाही. ज्यांना रविवारी नुसती पद्मालयाला चक्कर मारायची आहे त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी असं माझं मत.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत, काय करू?

नावावर करून घ्या, आत्ताच. फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकी वारसांचं ना हरकत. कायद्याने तीस दिवसांत कळवायचं असतं, आपल्याकडे तीस वर्षं कोणी कळवत नाही आणि मग चार भावांची आठ पोरं, एक सुरतला एक पुण्याला, सह्या गोळा करता करता गाडी गंजून जाते. गाडी गेली तर काही हजाराचं लोखंड गेलं असं नाही, तिच्याशी घरातली चाळीस वर्षं जोडलेली असतात, आजीला प्रसूतीला तिनेच नेलेलं असतं.

लग्नात नवरदेवाला बसवायला भाड्याने देता येते का?

पांढऱ्या प्लेटची म्हणजे खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही, विंटेज नोंदणीची तर अजिबातच नाही. घरच्या लग्नात स्वतः वापरा, खुशाल फुलं लावा. फक्त वरातीत बँडमागे तासभर पहिल्या गिअरमध्ये रांगवू नका, क्लच आणि रेडिएटर दोन्ही जातात.

जुन्या बॉडीत नवीन इंजिन टाकलं तर? एसी?

इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, भंगारातून आणलेलं दुसऱ्या कंपनीचं इंजिन गुपचूप टाकलं तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. शिवाय विंटेजचा हक्कही जातो. मला ते मनापासून पटत नाही, मूळ इंजिन चांगलं बांधून घ्या, बांधणारे अजून आहेत.

एसी बसतो, पण चाळीस हॉर्सपॉवरमधून कॉम्प्रेसरने वाटा घेतला की चढाला गाडी रडते, डायनामोच्या जागी अल्टरनेटर लागतो, रेडिएटर मोठा लागतो. त्यापेक्षा पुढच्या तिकोनी काचा उघडा. नवीन गाडीत त्या तिकोनी काचा का बंद केल्या मला अजून खटकतं, चालत्या गाडीत केवढी हवा यायची.

जुनी गाडी विकत घेताना काय बघू?

रंग नाही, खालचा पत्रा. चटया उचला, बॅटरीखाली बघा, दाराच्या खालच्या पट्टीवर नखाने टकटक करा, पाटे जिथे बॉडीला बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा. आत गेला तर सोडून द्या. मुंबई, कोकण, सुरतेकडची गाडी खाऱ्या हवेने आतून पोखरलेली असते, आपल्या भागात आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा बहुतेक वाचलेला असतो, ऊन फक्त रबर, सीट आणि डॅशबोर्ड खातं आणि ते बदलता येतं. इंजिन चालू नसलं तरी चालेल, पत्रा नि कागद पाहिजेत. चासी नंबर स्वतः डोळ्याने आरसीशी ताडून बघा, कोणी फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नका.

विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, ती आधी लेखी ठरवून घ्या.

मारुती 800 जुन्यात धरायची का?

मी धरतो. 14 डिसेंबर 1983 ला पहिली चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, म्हणजे सगळ्यात पहिल्या लॉटच्या गाड्या 2033 च्या शेवटी पन्नाशीच्या होतील. 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढची चाकं ओढणारी, फियाट-अँबेसिडरच्या नंतर ती चालवताना लोकांना विमानात बसल्यासारखं वाटायचं. आज तिची किंमत कोणाला नाही, पत्र्याच्या भावात विकतायत. ऐंशीच्या दशकातली, मूळ रंगातली कोणाकडे असेल तर विकू नका.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी परत चालू करायची आहे, सरळ बॅटरी लावून सेल्फ मारू का?

नका मारू. उभं राहण्यानेच गाडी मरते, चालण्याने नाही, गोठ्यात वर्षभर बांधून ठेवलेला बैल एकदम औताला जुंपल्यावर जे होतं तेच होणार. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग प्लग बाहेर ठेवूनच पंख्याने हाताने फिरवून बघा, फिरलं तर निम्मं काम झालं, अडकलं तर जोर लावू नका, अजून ऑइल आणि अजून चार दिवस. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, वासच सांगतो सडलंय ते, टाकी उतरवून धुवा, कार्बोरेटर उघडून साफ करा. इंजिन ऑइल बदला, रेडिएटरमधला गाळ काढा, पट्टा आणि होस पाइप नवे टाका. पहिल्यांदा टाकी न जोडता बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर लावा, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा, वाळूची बादली तरी ठेवाच. धूर निघेल निळा, घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटांत कमी होतो.

पण इंजिन लागलं म्हणून लगेच गेटबाहेर काढू नका, उभ्या गाडीचे ब्रेक सगळ्यात आधी जातात. चारही ड्रम उतरवून व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे किट टाका, नवीन ऑइल भरून ब्लीडिंग करा, म्हणजे पाइपातली हवा काढा. टायरला नक्षी दिसत असली तरी साइडला चिरा असतात, पाचही बदला, स्टेपनीसकट. मग अंगणात पुढे-मागे करून ब्रेक दाबून बघा, पेडल खाली बसत नसेल आणि गाडी एका बाजूला ओढत नसेल तरच गावातल्या रस्त्यावर आणा.